मिस्टरांना जागं ठेवायला रात्री फोन करते, चालेल ना?

प्रश्न: माझे मिस्टर मालाच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, महिन्यातल्या निम्म्या रात्री गाडीवरच जातात. मागे एकदा पहाटे डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून खाली उतरली, नशिबाने कुणाला लागलं नाही. तेव्हापासून मी अलार्म लावून दर तासाला उठते आणि त्यांना फोन करते, ते ब्लूटूथवर बोलतात, हात स्टिअरिंगवरच असतात. तोंडावर पाणी मारा, गाणी मोठ्याने लावा असंही सांगत असते. अजून काय करू?

उत्तर: ताई, स्वतःची झोपमोड करून तुम्ही हे करताय, त्यामागची काळजी कळते. पण स्पष्टच सांगते, हे फोन बंद करा. हात मोकळे असले तरी डोकं तुमच्या बोलण्यात असतं. शेजारी बसलेला क्लीनर गप्पा मारत असला तरी समोर काही आडवं आलं की आपसूक गप्प होतो, तुम्हाला घरात बसून कुठे दिसतंय की नेमकं आत्ता वळण आलंय ते. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हँड्सफ्रीने तो फारसा कमी होत नाही.

आणि फोनने झोप जात नाहीच. पाणी, उघडी खिडकी, गाणी, सगळ्याचं तेच, थोडा वेळ तरतरी येते की परत मान डुलायला लागते. झोप भुकेसारखी साठत जाते हो, ती घेतल्याशिवाय उतरत नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायल्यासारखाच चुका करतो, फरक एवढाच की त्याच्या तोंडाला वास येत नाही म्हणून कुणाला कळत नाही, त्याला स्वतःलाही नाही. तीन-चार सेकंदांची डुलकी लागून गेली तरी बऱ्याचदा माणूस म्हणतो मी जागाच होतो. ताशी ९० च्या स्पीडला ४ सेकंदांत गाडी १०० मीटर जाते आणि तेवढा वेळ ब्रेकवर पायच नसतो, म्हणून तर अशा अपघातांच्या जागी रस्त्यावर ब्रेकच्या खुणा बऱ्याचदा सापडत नाहीत.

त्यांना एवढं सांगा की जांभया सुरू झाल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाहीये, चाक पट्टीवर जाऊन खडखडलं, की पुढे जाऊन बघू म्हणायचं नाही, पहिल्या सुरक्षित जागी गाडी लावायची. कॉफी प्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं आडवं व्हायचं. कॉफी चढायला साधारण अर्धा तास लागतो त्यामुळे उठेपर्यंत दोन्हीचा फायदा मिळतो. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं डोकं जड असतं, तेवढं जाऊ द्यायचं मग किल्ली फिरवायची. हा रात्रीचा उपाय तात्पुरता आहे, दोन-तीन दिवसांची साठलेली झोप त्याने भरून निघत नाही. पहाटे २ ते ६ ही वेळ सगळ्यात वाईट, त्या वेळेतला थांबा निघतानाच ठरवून टाकायचा, कारण डोळे मिटायला लागले की 'थोडंच राहिलंय' हेच सुचतं.

तुम्हाला मदत करायचीच आहे ना, मग दिवसा करा. ते सकाळी येऊन झोपले की खोलीत अंधार करा, त्यांचा फोन तुमच्याकडे ठेवा, पाहुणे आलेत म्हणून चार तासांत उठवू नका, सात तास सलग झोप मिळू द्या. आणि घोरता घोरता श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठत असतील तर डॉक्टरांना नक्की दाखवा, त्या आजारात आठ तास झोपूनही झोप पुरी होत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, गाडीवर जायच्या आधी विचारून घ्यायच्या.

बाकी सगळा भार ड्रायव्हरवर टाकणं मला पटत नाही. युरोपियन युनियनमध्ये साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती हा कायदा आहे आणि यंत्रात त्याची नोंद होते. मालक पोचायची वेळच अशी देत असेल की वाटेत थांबता येणार नाही, तर मिस्टरांनी सोबतच्या ड्रायव्हरांना घेऊन त्याच्याशी बोलावं, एकट्याचं कोण ऐकतं.

प्रश्न: मी गाडी चालवताना फोन घेत नाही, फक्त सिग्नलला थांबल्यावर मेसेज बघतो. यात काय धोका?

उत्तर: दिवा हिरवा झाला तरी मन त्या मेसेजमध्येच असतं. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की गाडीतल्या व्हॉइस सिस्टीमशी बोलणं संपल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागू शकतात, आणि सिग्नल सुटल्यावर पहिल्या काही सेकंदांतच कुणीतरी धावत रस्ता ओलांडत असतं. फोन मागच्या सीटवर बॅगेत टाका, मॅप लागत असेल तर निघायच्या आधी लावून ठेवा.