कुसुंबी आणि मांजिष्ठ यांत फरक काय?

प्रश्न असा आला आहे: 'कुसुंबी' आणि 'मांजिष्ठ' या दोन्ही शब्दांचा अर्थ 'तांबडा' असाच दिलेला आढळतो, तर कवितेत एकाच्या जागी दुसरा वापरला तर चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. छटा वेगळी आहेच, पण खरा फरक रंग टिकण्याचा आहे.

कुसुंब म्हणजे आपली करडई. तिच्या पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर असतो आणि तो साध्या पाण्यात निघून जातो. लाल रंग, म्हणजे कार्थामिन, अगदी थोडा. रंगारी पाकळ्या पुन्हा पुन्हा धुऊन पिवळा काढून टाकत, मग खाराच्या पाण्यात लाल उतरवत आणि त्यात लिंबू पिळत. पाणी आंबट झालं की कार्थामिन त्यात विरघळलेलं राहत नाही, सुती कापडावर जाऊन बसतं. रंग चढतो तो डोळ्यांत भरेल असा गुलाबी-लाल. पण धाग्याशी त्याची पकड कच्ची. खाराने पाकळीतून सुटलेला रंग साबणाच्या खाराने कापडातूनही सुटतो, आणि उन्हात विटतो.

मंजिष्ठ ही वेल, आणि तिचा रंग मुळांत. त्यातल्या रंगद्रव्यांची नावं परप्युरिन आणि मुंजिस्टिन; यातलं दुसरं नाव तर मंजिष्ठेवरूनच पडलंय. इथे कापडाला आधी तुरटी द्यावी लागते. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एकीकडे धाग्याला धरतं, दुसरीकडे रंगाच्या रेणूला, आणि पाण्यात न विरघळणारं संयुग धाग्यातच तयार होतं. ते धुण्याने जात नाही. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तोही याच जातीच्या रंगाने रंगवलेला होता.

आता कवितेकडे येतो. संस्कृतात 'राग' म्हणजे रंगही आणि प्रेमही. रंग, रक्त, रंजन, अनुराग हे सगळे त्याच 'रञ्ज्' धातूचे. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात पूर्वरागाचे, म्हणजे मीलनाआधीच्या प्रेमाचे, तीन प्रकार सांगितले. फारसा झळकत नाही पण जातही नाही, तो नीलीराग. झळकतो आणि निघून जातो, तो कुसुंभराग. झळकतोही आणि जातही नाही, तो मंजिष्ठाराग. रंगाऱ्याच्या कुंडाशी उभं राहून पाहावं इतकं हे नेमकं आहे! मला ही वर्गवारी फार आवडते.

तेव्हा तुमच्या ओळीतली ओढ चार दिवसांची असेल तर 'कुसुंबी' लिहा, जन्माची असेल तर 'मांजिष्ठ'.

एक घोटाळा मात्र टाळा. कुसुम नावाचं एक मोठं झाडही आहे, आपल्याकडे त्याला कोशिंब म्हणतात. त्यावर लाखेचे किडे पोसतात आणि त्या लाखेतूनही लाल रंग निघतो. 'कुसुंबी' हा शब्द त्या रंगाचा नव्हे, करडईच्या फुलाचा.