ताई, पुडी हाडांसाठी आहे

ताई, लेकराचं ड जीवनसत्त्व रक्ततपासणीत खूपच कमी, फक्त 11 निघालं आणि ‘म्हणूनच तो बोलत नाही’ असं कोणीतरी तुमच्या मनात भरवलं. तसं धरून बसू नका. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलांत हे जीवनसत्त्व बरेचदा कमी सापडतं, हे खरं. पण त्याच्या कमतरतेनंच ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. आमचा पोरगा उन्हात गेला की डोळे घट्ट मिटायचा, दिवसभर माजघरात पाण्याच्या गुंडाचं झाकण फिरवत बसायचा, खायचा फक्त वरण-भात. मग कमी होणारच ना!

कमतरता मात्र भरून काढाच, हाडांसाठी. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा सांगितली असेल, तर एकदाच द्या. मी घाईनं लागोपाठ दोन दिवस दिली होती, डॉक्टर चांगलेच रागावले. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला त्रास होतो. हिवाळ्यात वावरात सोबत न्या, अकराच्या उन्हात हातपाय उघडे राहू द्या. मे महिन्यात नको, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

आणि पुडीची वाट पाहत थेरपी लांबवू नका, हे हात जोडून सांगते. गावच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकेला विचारा, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (अशा लेकरांची तपासणी-थेरपी होते तिथं) नाव नोंदवा. आमच्या पोरानं पहिल्यांदा ‘पाणी’ म्हटलं ते सहाव्या वर्षी, रोज पेल्याचं चित्र दाखवून दाखवून.