पॅलेडियमच्या मागे पाच वर्षं?

चिपळूणहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते लोटे एमआयडीसीत हायड्रोजनेशन (रेणूंना हायड्रोजन जोडण्याच्या) प्लांटवर ऑपरेटर आहेत. मुलगी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. घराजवळ क्यूसीची (मालाची गुणवत्ता तपासायची) नोकरी मिळतेय, पण तिला ‘इमोबिलाइज्ड मेटल कॅटॅलिस्ट’ म्हणजे आधाराला बांधून ठेवलेला, रिॲक्शन वेगाने घडवणारा धातू, या विषयात पीएच.डी. करायचीय. वडील विचारतात, “हे नुसतं कागदावरचं संशोधन, की याला बाहेर काही किंमत आहे?”

नमस्कार,

या विषयाची किंमत तुम्हाला मी काय सांगणार? पॅलेडियम-कार्बनची, म्हणजे कार्बनवर बसवलेल्या पॅलेडियम धातूची, ओली पावडर तुम्ही कॅटॅलिस्ट म्हणून रिॲक्टरमध्ये टाकता. काम झालं की गाळता आणि ओलीच ठेवता, कारण सुकली की ती पेट घेऊ शकते. वापरून दमलेली पावडरही कचऱ्यात जात नाही, ड्रममध्ये भरून धातू काढून घ्यायला परत पाठवतात. धातू कार्बनला धरून बसलाय म्हणूनच हे सगळं जमतं. तुमची लेक ज्यावर काम करू म्हणतेय ती याच पावडरची नातलग.

घोळ होतो तो विरघळणाऱ्या कॅटॅलिस्टचा. कार्बनला कार्बन जोडणाऱ्या ज्या रिॲक्शनसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना 2010 चं नोबेल मिळालं, त्यांत पॅलेडियम बऱ्याचदा द्रावणात विरघळलेलंच असतं. काम चोख होतं, पण धातू मालात मिसळून बसतो. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. म्हणजे तो काढायला आणखी एक पायरी, आणखी सॉल्व्हंट, ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर) आणखी भार. म्हणून धातू सिलिकाला किंवा पॉलिमरला बांधून ठेवायचा, काढ्यात पुरचुंडी सोडतात तसा. उकळून झालं की उचलून घ्यायची.

पण पुरचुंडी झिरपते, आणि या विषयातली खरी मेख तिथेच आहे. कित्येकदा धातू थोडा थोडा सुटून द्रावणात येतो, तोच सगळं काम करतो आणि थंड झाल्यावर पुन्हा आधारावर जाऊन बसतो. गाळून पाहणाऱ्याला वाटतं, आपला कॅटॅलिस्ट जागचा हललाच नाही! म्हणून रिॲक्शन अर्ध्यावर असताना गरम गरमच गाळतात. गाळलेलं द्रावण पुढेही चालू राहिलं तर चोर पकडला. दुसरी फसगत ‘पाच वेळा वापरला, तरी उतारा तितकाच’ (म्हणजे माल तेवढाच मिळतो) या दाव्यात असते. दोन तासांचं काम चोवीस तास चालवलं तर अर्धमेला कॅटॅलिस्टही शंभर टक्के दाखवतो. सुरुवातीच्या मिनिटांतला वेग मोजला, तरच तो किती थकलाय ते कळतं. असल्या कच्च्या दाव्यांचे पेपर ढिगाने निघतात. तुमची शंका त्यांच्यापुरती अगदी रास्त आहे.

तेव्हा विषयाच्या नावावर जाऊ नका, लॅब पाहा. मुलीने गाइडला भेटून विचारावं: गरम गाळणी करता का, गाळलेल्या द्रावणातला धातू आयसीपीवर (धातूचा अंश मोजणाऱ्या यंत्रावर) मोजता का, इथून बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत? हे विचारल्याचा राग येणारा गाइड नकोच.

जागा आपल्याकडेच आहेत: पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), पवईची आयआयटी. धातू धरून ठेवायला घन आधारच लागतो असंही नाही. जर्मनीत ओबरहाउझेनला 1984 पासून ऱ्होडियम हा धातू कॅटॅलिस्ट म्हणून पाण्यात ठेवून प्रोपिलीन वायूचं ब्युटिराल्डिहाइड हे रसायन करतात. माल तेलासारखा वेगळा होतो, ऱ्होडियम पाण्यातच राहतं. पाण्यात फारसं न विरघळणाऱ्या लांब साखळीच्या ऑलिफिनना (प्रोपिलीनच्या मोठ्या भावंडांना) मात्र ही युक्ती संथ पडते. एनसीएलच्या आर. व्ही. चौधरींच्या गटाने ऱ्होडियमला पाणी आणि तेलाच्या सीमेवर ओढून आणणारा लिगंड (धातूला चिकटणारा रेणू) वापरून तो वेग अनेक पटींनी वाढवला. ते काम 1995 साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. हे पुण्यात पाषाणला, एनसीएलमध्ये झालेलं काम आहे, परदेशातलं नव्हे.

आता पैशाचं. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000 रुपये, घरभाडं वेगळं. फेलोशिपशिवाय मात्र पाठवू नका. पाच वर्षं घरच्या पैशावर काढताना चांगली चांगली मुलं खचलेली मी पाहिली आहेत. पुढची नोकरी औषध आणि कीटकनाशक कंपन्यांच्या प्रोसेस आर अँड डीत (उत्पादनाची पद्धत बसवणाऱ्या संशोधन विभागात) किंवा कॅटॅलिस्ट बनवणाऱ्यांकडे. जागा क्यूसीइतक्या नाहीत, आणि बहुतेक चिपळुणात नसतील, याची तयारी घरात आधीच असू द्या.

नेट वर्षातून दोनदा होते. क्यूसीची नोकरी धरून तयारी करता येईल, पण शिफ्ट ड्युटी असेल तर अवघड. दोन प्रयत्न नोकरीविना करू द्यावेत असं माझं मत. नाहीच जमलं तर क्यूसी आहेच. दरम्यान फिल्टर कधी चोक होतो, एखादी बॅच मध्येच का मंदावते, हे तिला संध्याकाळी सांगत जा. मुलाखतीत समोरचे तेच विचारतील आणि एम.एस्सी.च्या वर्गात ते कुणी शिकवत नाही.