‘विज्ञान तिला झेपेल का?’

आई मुलीला घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. मुलगी नववीतली, अभ्यासात चांगली. भौतिकशास्त्राच्या एका चाचणीत गुण घसरले आणि तेव्हापासून तिचं एकच पालुपद: ‘मला विज्ञान नको.’

“मॅडम, हिच्या मागे लागू की नाद सोडू?” आईने विचारलं. मुलींचे पालक हे मला सतत विचारतात.

मी मुलीशी एकटीशी बोलले. गुणांचा विषय काढलाच नाही.

“प्रयोगाच्या तासाला तू नेमकं काय करतेस?”

“रीडिंग लिहून घेते. माझं अक्षर चांगलं आहे ना.”

तारांची जोडणी गटातले मुलगे करायचे. विजेचा प्रवाह मोजणाऱ्या अमीटरला तिने कधी हातही लावला नव्हता. तिला कुणी अडवलं नव्हतं. वही आपसूक तिच्याकडे यायची. हे मी इतक्या मुलींकडून ऐकलंय, की आता हाच प्रश्न आधी विचारते. जे हाताने केलंच नाही त्यात गुण कमी पडले, की ‘आपल्याला डोकंच नाही’ असं वाटायला वेळ लागत नाही. त्यात आई म्हणाली होती, “मलाही फिजिक्स कधी जमलं नाही.” धीर द्यायलाच म्हणाली, पण मुलीच्या मनात भलतंच बसलं.

तिला मी इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानीबद्दल सांगितलं. २०१४ मध्ये गणितातलं अत्यंत मानाचं फील्ड्स पदक मिळवणारी ही पहिली स्त्री. शाळेत एक वर्ष तिला गणितात कमी गुण पडले, शिक्षकांनाही ती त्यात हुशार वाटली नाही, आणि तिचा रस उडाला. पुढच्या वर्षी उमेद देणारे शिक्षक भेटले.

शाळेला एकच विनंती केली: गटातली कामं आळीपाळीने द्या.

पुढच्या भेटीत ती बसायच्या आधीच बोलू लागली. अमीटरचा काटा शून्याच्या मागे जात होता. गटातला मुलगा म्हणाला, मीटर बिघडलाय. हिने तारा तपासल्या. धन आणि ऋण टोकं उलटी जोडलेली होती. बदलल्यावर काटा सरळ पुढे सरकला.

आईला म्हटलं, नुसतं ‘हुशार आहेस’ म्हणू नका, ‘चूक कशी सापडली?’ ते विचारा. आणि स्वतःचं न जमलेलं फिजिक्स तिच्यासमोर काढू नका.

“मग विज्ञानच घेईल ना ती?”

ते तिचं तिला ठरवू द्या, म्हटलं. निवडीला अजून वेळ आहे, तोवर प्रयोग तिच्या हातून होऊ देत.