पाऊस, पाहुणा आणि भीड

प्रश्न : कामानिमित्त मी पुढच्या महिन्यात परगावी जाणार असून तेथे एक दिवस मोकळा मिळणार आहे. तेथील एका परिचितांनी रजा काढून गाव दाखवण्याचे कबूल केले आहे; आमची ओळख मात्र कामापुरतीच आहे. दिवस पावसाचे आहेत. बेत रद्द करावा की भिजत का होईना, फिरून घ्यावे?

उत्तर : बेत रद्द करू नये, आटोपशीर करावा. अशा दिवशी पावसापेक्षा भीडच अधिक आड येते. यांनी आपल्यासाठी रजा काढली आहे, आता नको कसे म्हणावे, असे पाहुण्याला वाटते. हे एवढ्या लांबून आले आहेत, काहीच न दाखवता कसे पाठवावे, असे यजमानाला वाटते. आणि थांबावेसे दोघांनाही वाटत असताना दोघेही चिंब होऊन एखाद्या बंद फाटकापर्यंत जाऊन येतात. म्हणून आदल्या संध्याकाळी आपणच फोन करून, ‘सगळे पाहायलाच हवे असे नाही, पावसात सुखाने जमेल तेवढेच पाहू,’ असे सांगून टाकावे. हे यजमानाला म्हणता येत नाही; ते पाहुण्यानेच म्हणायचे असते. गाडीभाड्याचे आणि तिकिटांचेही त्याच वेळी बोलून घ्यावे.

छपराखालचे एक ठिकाण आणि त्याच्या जवळचे उघड्यावरचे एक, एवढे दिवसाला पुरे. संग्रहालयासारखे ठिकाण ठरवले, तर त्याची साप्ताहिक सुट्टी आधी पाहून घ्यावी. अनेक ठिकाणी ती सोमवारी असते. काय पाहायचे हे पुस्तकातही सापडते, पण तेथील पाऊस दिवसभर लागून राहतो की सरींनी येतो, कोणता रस्ता आधी तुंबतो, हे तेथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. त्यामुळे ‘कुठे जाऊ या’ याहून ‘कधी निघू या’ हे त्यांना विचारणे अधिक उपयोगाचे.

जुनी वास्तू पाहायला तर पाऊस मुळीच वाईट नाही. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी भरले की पृष्ठभागावरून विखुरणारा प्रकाश कमी होतो आणि दगड गडद दिसू लागतो. एरवी धुरकट वाटणाऱ्या भिंतीचा मूळ रंग तेव्हा कळतो. सर ओसरल्यावर थोडे थांबावे. मूळ दगड आणि नंतरची डागडुजी सारख्या वेगाने वाळत नाहीत, त्यामुळे उन्हात न दिसणारे सांधे काही वेळ उघडे पडतात. छपरावरचे पाणी कोणत्या पन्हळीतून उतरते, अंगणाच्या फरशीला उतार कुठे दिला आहे, हे तर भर पावसातच पाहावे. बांधणाऱ्याची अक्कल तेथे दिसते.

एका बाबतीत मात्र यजमानाचेही ऐकू नये. ‘आम्ही नेहमी जातो, काही होत नाही,’ हे वाक्य धबधबा, ओढा किंवा शेवाळलेल्या पायऱ्यांपाशी ऐकू आले, तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे, कारण रोजच्या सवयीने माणूस निर्धास्त होतो. जोराने वाहणारे 15 सेंटीमीटर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते. मेघगर्जना ऐकू आली की इमारतीत किंवा बंद गाडीत जावे, झाडाखाली उभे राहू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये. वीज आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर असते.

सोबत मोज्यांचा कोरडा जोड आणि एक टॉवेल असावा. परक्याच्या गाडीत ओलेत्याने बसणे दोघांनाही अवघड होते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत गेल्यावर कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरते, तेव्हा तो काही वेळ बंद पिशवीतच राहू द्यावा. परतीची वेळ सकाळीच ठरवावी आणि थोडी अलीकडचीच ठेवावी, कारण तुम्हाला मुक्कामी सोडून त्याच पावसात यजमानांना पुन्हा घर गाठायचे असते.