जावयाने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलंय, तेवढ्यावर नातवंडांचं पालकत्व मिळतं का?

काकू, तुम्ही लिहिलंय की मुलगी गेल्यापासून दोन्ही नातवंडं तुमच्याकडेच आहेत, जावयाने दुसरं लग्न केलं आणि स्टॅम्प पेपरवर 'मुलांवर माझा हक्क नाही, माझ्याकडे खर्च मागायचा नाही' असं लिहून दिलं, आता शाळा आणि बँक पालकाची सही मागतायत तर हा कागद चालेल का.

नाही चालणार. नोटरी केली असली तरी नाही, कारण १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याप्रमाणे वडील हयात आहेत तोवर तेच नैसर्गिक पालक आणि ते असं आपसात लिहून बदलता येत नाही. पण कागद जपून ठेवा, त्याने मुलं टाकली याचा तो पुरावा आहे.

तुम्हाला हवाय तो कोर्टाचा आदेश. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, तुमच्याकडे कुटुंब न्यायालय असेल तर तिथे. आणि हे आत्ताच करा, जावई भांडत नाहीये तोवर, तो कोर्टात येऊन हरकत नाही म्हणाला तर काम खूप सोपं होतं. उद्या त्याचं मन फिरलं तर कोर्ट आधी वडील अपात्र आहेत का हे बघणार, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने आई वारल्यावर मावशीकडे वाढणारी मुलगी वडिलांना परत दिली होती, अर्थात ते वडील आजारी पडले म्हणून ती तिकडे होती, त्यांनी तिला टाकलं नव्हतं. तुमचं वय झालंय याची भीती मात्र काढून टाका, २०२२ मध्ये कोविडमध्ये आईवडील गेलेल्या मुलाचा ताबा सुप्रीम कोर्टाने आजी-आजोबांनाच दिलाय, मावशी तरुण आणि कमावती असूनही.

आता खर्च. तो मागायचा नाही हे वाक्य वाचून मला खरंच राग आला. पोटगी हा मुलांचा हक्क आहे, तो बापाला असा लिहून संपवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५) मुलांच्या वतीने तुम्ही अर्ज करू शकता, अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगीही मागा. फक्त आधी पालकत्वाचं उरका, दोन्ही एकदम काढलं तर तो चिडून सहीच देणार नाही.

शिवाय सरकारची बालसंगोपन योजना आहे, एक पालक गेलेल्या मुलांनाही मिळते, प्रत्येक मुलामागे महिन्याला २२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते, त्यासाठी कोर्टाच्या आदेशाची वाट बघत बसू नका.

वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका, तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, नाहीतर १५१०० वर फोन करा. जाताना मुलीचा मृत्यू दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड आणि तुम्ही भरलेल्या फीच्या पावत्या न्या, आणि तो स्टॅम्प पेपर ओरिजिनल कुणाकडेच देऊ नका, झेरॉक्सच द्या.