आवृतबीजी की आवृत्तबीजी?

प्रश्न नागपुरातल्या धरमपेठेतल्या एका ताईंचा आहे. मुलगी नववीत आहे. तिच्या वहीत ‘अनावृत्तबीजी’ लिहिलंय, शिकवणीच्या नोट्समध्ये ‘अनावृतबीजी’, आणि मराठी विश्वकोशात त्याच वनस्पतींना ‘प्रकटबीज’ म्हटलंय. यातलं बरोबर कोणतं? आवरण नसलेलं बी म्हणजे बिनसालीचं बी का? आणि फुटाळा तलावातलं शेवाळ नि पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर येतं ते शेवाळ एकाच गटातलं का?

आधी ‘त’चं बघू. तो एकच हवा. ‘आवृत’ म्हणजे झाकलेलं. धातू ‘वृ’, त्यापासूनच आवरण आणि अनावरण. चौकात पुतळ्याचं अनावरण होतं तेव्हा पुतळा अनावृत होतो. ‘आवृत्त’चा धातू वेगळा, ‘वृत्’, म्हणजे वळणं, फिरणं. आवर्तन, आवृत्ती, निवृत्त, परावृत्त ही सगळी त्याची मंडळी. तेव्हा ‘आवृत्तबीजी’चा अर्थ लावायला गेलं तर बी वळलेलं किंवा पुन्हा आलेलं असं काहीतरी होतं, झाकलेलं होत नाही. पुस्तकाची आवृत्ती आपण रोज बोलतो आणि आवृत क्वचितच, म्हणून हात आपोआप जोडाक्षराकडे जात असावा. जोडाक्षरी रूप इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की ते आता सरावाचं झालंय. मुलीला परीक्षेत पाठ्यपुस्तकात आहे तसंच लिहू द्या, पण शुद्ध रूप कोणतं हे तिला माहीत असू द्या.

आता बिनसालीचं बी. इथे खरी गफलत होते, आणि ती शब्दामुळेच होते. आवरण म्हटलं की बियांची साल डोळ्यांपुढे येते. ही साल, म्हणजे बीजावरण, आवृतबीजी आणि अनावृतबीजी या दोन्ही गटांत असते. गटांच्या नावातलं आवरण त्याच्याही बाहेरचं, फळाचं.

भाजलेली फल्ली, म्हणजे भुईमुगाची शेंग, हातात घ्या. टरफल फोडलं की दाणा निघतो आणि दाण्यावर पातळ लालसर साल असते. ती साल बियाची स्वतःची. टरफल मात्र फुलातल्या अंडाशयाची भिंत. फूल गळल्यावर तीच वाढून शेंग झाली. बी या भिंतीच्या आत तयार झालं, म्हणून फल्ली आवृतबीजी. आता इतवारीतल्या सुक्यामेव्याच्या दुकानातून चार चिलगोजे आणून शेजारी ठेवा. चिलगोज्याचं तपकिरी कवच फल्लीच्या टरफलासारखंच वाटतं, पण ते टरफल नव्हे, बियाचंच कवच आहे. चिलगोजा हिमालयातल्या एका पाइनचं बी. ते शंकूच्या खवल्यावर उघड्यावर वाढतं, त्याच्याभोवती अंडाशय कधी नव्हताच. त्यामुळे पाइनला शंकू येतो, फळ येत नाही. मूळ ग्रीक शब्दांतही हेच आहे: जिम्नोस्पर्म म्हणजे नागडं बी, अँजिओस्पर्म म्हणजे पात्रातलं बी. हा फरक रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात नीट उलगडून दाखवला.

चिलगोजे महाग वाटले तर मोरपंखी बघा, नागपुरात कितीतरी फाटकांशी ती लावलेली असते. तिच्या फांद्यांना करड्या-निळसर झाक असलेले, टोकांना आकडे असलेले लहान शंकू लागतात. वाळले की खवले उघडतात आणि बिया तशाच दिसतात. सुरूच्या झाडाने मात्र फसू नका. सुयांसारखी पानं, शंकूसारखी बोंडं, पण ते पक्कं सपुष्प, आवृतबीजी झाड आहे.

विश्वकोशातला ‘प्रकटबीज’ मला जास्त आवडतो. ‘आवृतबीजी’ आणि ‘अनावृतबीजी’ यांत ऐकताना फरक फक्त एका ‘अना’चा, आणि वर्गात मागच्या बाकावर तो हमखास हरवतो. प्रकटबीज ऐकलं की अर्थही लगेच कळतो.

हे दोन्ही गट बिया असलेल्या वनस्पतींचे. शाळेतली मांडणी आयकलर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८३ साली केलेल्या विभागणीवर उभी आहे: एकीकडे बिया येणाऱ्या, दुसरीकडे बीजाणूंवर, म्हणजे धुळीसारख्या सूक्ष्म कणांवर, भागवणाऱ्या. दुसऱ्या बाजूला मराठीत ‘अबीजपत्री’ म्हणतात, आणि हा शब्द मला अपुरा वाटतो. बीजपत्र म्हणजे बियातली दलिका. तुरीच्या डाळीची प्रत्येक फाक हे एक बीजपत्र, म्हणून तूर द्विबीजपत्री आणि ज्वारी एकबीजपत्री. ज्यांना बीच नाही त्यांना बीजपत्र नाही हे ओघानेच आलं. मग सरळ ‘अबीजी’ का म्हणू नये? आयकलरने याच गटासाठी वापरलेला ‘क्रिप्टोगॅम’ तर तिसरंच सांगतो, गुप्त विवाह, म्हणजे पुनरुत्पादनाचे अवयव दिसत नाहीत अशी वनस्पती.

या अबीजी वनस्पतींचे शाळेत तीन गट शिकवतात, आणि शेवाळाचा प्रश्न तिथेच सुटतो. थॅलोफायटात मूळ-खोड-पान असा भेदच नाही. फुटाळ्याच्या पाण्यातली हिरवी, बुळबुळीत तंतूंची गुंतवळ यातली, तिला शैवाल म्हणतात. ब्रायोफायटा म्हणजे मॉस आणि त्याचे भाऊबंद. विश्वकोशाने यांना ‘शेवाळी’ असं वेगळं नाव दिलंय. टेरिडोफायटात अन्नपाणी वाहणाऱ्या ऊती आल्या. नेचे (फर्न) यातले, आणि गाईम्हशींना चारतात तो अझोलासुद्धा.

भिंतीवर मात्र दोन्ही असू शकतात. नखाने खरवडून बघा. नुसता हिरवा बुळबुळीत थर निघाला तर शैवाल. मखमलीसारखा पुंजका निघाला, त्यात इवली पानं आणि वर केसासारख्या दांड्यांवर बारीक बोंडं दिसली, तर मॉस. बोलताना दोन्हीला शेवाळ म्हणायला काहीच हरकत नाही, आपल्या आज्या तेच म्हणत आल्या. लिहिताना मात्र शैवाल आणि शेवाळी वेगळे ठेवा. आणि अंबाझरी तलावात पसरते ती जलपर्णी या दोन्हींत बसत नाही. तिला जांभळी फुलं येतात. ती आवृतबीजी, त्यातही एकबीजपत्री, ज्वारीच्या बाजूची.